तिची लांब दुआ

बायको मरून तिसरा दिवस होता. घरात तीजा होता. बाया-माणसं चण्याच्या एकेका दाण्यावर कलमा वाचत बसली होती. राइस मिलचा सेठ जोडे घालूनच चटईवर आला. चण्याच्या परातीजवळ उभा राहून मले म्हणाला,

"काऊन बुढ्या, तुयी बुढी तर घरून निघताना रोज मंतर मारून निघे न? मंग कामी काऊन नाही आला?"

त्याचा मुनशी हसला.

मी पण हसलो.

हे लिहायले हात चालत नाही, पण हसलो. तीस वर्षं त्याच्या मिलमध्ये धानाची पोती उचलली. सेठ हसला का आपण हसायचं, सवयच पडली होती. तिच्या कबरीची माती अजून ओली होती.

ती त्याच मिलमध्ये झाडझूड करायची, कोंडा भरायची. मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी सेठनं काढून ठेवली होती. लावायले-काढायले वेळ जाते म्हणे. मी दोनदा सांगितलं, सेठ, जाळी लावा. म्हणाला, "तू पोते उचल." त्या पट्ट्यात तिची ओढणी गेली.

मुनशीनं कागद काढून वाचून दाखवला. बाई स्वतःच्या चुकीनं मेली, मालकाचा दोष नाही. मंग शाईची डबी उघडली. मले सही येते. तिसरी शिकलो आहे. त्यानं विचारलं पण नाही.

"अंगठा दे. मिलची खोली तुयीच राहीन," सेठ म्हणाला.

"चाळिसावा होऊ द्या सेठ," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

ते गेले, पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. खरं सांगतो, मी पण अल्लाले तेच विचारून राहिलो होतो. घरून निघताना मी नुसतं बिस्मिल्ला म्हणायचो अन् चालू पडायचो. ती उंबरठ्याच्या आत थांबून लांब दुआ वाचायची. मी बाहेरून ओरडायचो, "आटप न, भोंगा झाला." इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाही का तू मागतेस काय.

मशिदीतल्या हाफिजसाहेबाले विचारलं. अरबीचा अर्थ त्यांनी सांगितला. मी वाट चुकू नये. मी घसरू नये, मले कोणी घसरवू नये. मी कोणावर जुलूम करू नये, मायावर कोणाचा जुलूम होऊ नये.

"मंग झाला न तिच्यावर," मी म्हटलं.

"झाला. पण करणारा अल्ला होता का, चाचा?"

मी ओट्यावर बसूनच राहिलो. जाळी अल्लानं नाही काढली. माणसानं काढली. मले नाव माहीत आहे.

विळा घेऊन जायचं मनात होतं. पण 'मी कोणावर जुलूम करू नये' हे तिनं आधी मागितलं होतं, स्वतःवरचं मंग. विळा खाली ठेवला. राग खाली नाही ठेवला.

चाळिसावा झाल्यावर मिलच्या ऑफिसात गेलो. पहिल्यांदा न विचारता खुर्चीवर बसलो.

"जाळी कोणी काढली ते लिहा. मंग सही करतो. अंगठा नाही."

"खोली आजच खाली कर," सेठ म्हणाला.

"सकाळीच केली."

कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाले सगळं सांगितलं. केस उभी झाली. तारीख असली का मी तिरोड्याहून, बहिणीच्या घरून, कोर्टात जातो. सेठच्या समोरच्या बाकावर बसतो. त्याच्याकडेच पाहत बसतो. तो मोबाईलात पाहते.

परवा मुनशी आला. "सेठले आता झोप नाही येत, चाचा. जे झालं ते झालं. माफ करून टाक."

आमच्यात माणसाचा हक मारला, तर तो माणूस माफ करीपर्यंत अल्ला पण माफ करत नाही. तिच्या वाटेची माफी तिच्यापाशी. माया वाटेची मायापाशी आहे.

मुनशीले सांगितलं, "माफी नाही देत."

कयामतीच्या दिवशी सेठले मले शोधत यावं लागन. मी त्याले ओळखीन. अन् तोंड फिरवीन.