घटाआधी घासलेलं पिंप

आमच्या गावात मटणाचा रस्साच करायचा असतो. त्याचं दुसरं काही करायला निघालेला माणूस एक तर बिघडलेला असतो, नाहीतर फौजेतून आलेला. मी दोन्हींत बसतो, असं आमची मंडळी म्हणते.

नोकरीत माझा एक जोडीदार होता, नागालँडचा. एका सुट्टीत त्यानं मला घरी नेलं. त्याच्या आईच्या चुलीवर डुकराच्या मांसाचे तुकडे टांगलेले असायचे, रोजच्या धुरात मुरत. त्या माउलीनं मला पोटच्या पोरासारखं जेवायला वाढलं. आता तो पुण्यात लेकीच्या फ्लॅटवर राहतो. उन्हाळ्यात फोनवर म्हणाला, "माँ गई, तब से वो गोश्त नहीं खाया."

"दशहरे के बाद आ जा, मैं खिलाऊँगा," मी बोलून गेलो आणि मग डोकं धरून बसलो.

डुक्कर आमच्या घरात शिजणार नाही, म्हणजे बकऱ्यावरच भागवायचं होतं. साताऱ्याच्या भंगारवाल्याकडून एक पोलादी पिंप आणलं. त्याचा रंग जाळ लावून उडवला. रहिमतपूरच्या वेल्डरनं दार कापून बिजागऱ्या लावल्या, आत सळ्यांची जाळी बसवली. बाजूला जाळाची छोटी पेटी, तिच्यातला धूर पिंपात न्यायला विहिरीवरचा जुना पाइप आणि वर धुराडं. पहिल्या दिवशी मी बाभळीची ओली लाकडं घातली. शेजारचे म्हातारे कुंपणावरून म्हणाले, "गुऱ्हाळ चालू केलंस व्हय रं?" ते मटण इतकं कडू झालं की कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं.

मग हळूहळू शिकलो. लाकूड वाळलेलं हवं आणि जाळ बारीक. राख दर वेळी काढायची, कारण तिला ओल सुटली की ती लोखंड खाते. जाळी खरवडून आतून चरबीचा हात फिरवायचा. पावसाळाभर हे केलं तेव्हा आत काळा, गुळगुळीत थर चढला आणि मटणाला चव आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दार उघडून तो थर दाखवायचो.

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातली एकूण एक वस्तू धुतात. त्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर पिंपाचं दार सताड उघडं आणि आत कोरं लोखंड. राख, चिंच आणि काथ्या घेऊन सगळा थर उतरवलेला.

"लय काळं झालं हुतं, आवं," मंडळी कौतुकाची वाट बघत म्हणाली. "दोगी जावा लागलो हुतो."

फौजेत शिकलेल्या सगळ्या शिव्या मी वापरल्या नाहीत, पण बऱ्याचशा पिंपाला दिल्या. जोडीदार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि नवरात्रात घरात मांसच काय, चरबीचा थेंब आणायची सोय नव्हती. सकाळपर्यंत लोखंडावर तांबूस गंज धरला. त्या म्हातारीच्या एका जेवणाची परतफेडही माझ्याच्यानं होणार नाही, या विचारानं मला खरंच रडू यायला लागलं.

मंडळीनं गंजावर बोट फिरवलं. "ह्ये बिडाच्या तव्यावानी हाय व्हय? मग आदी न्हाई सांगायचं? माजा तवा कुनी घासला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

तिनं शेंगतेल आणलं. नवरात्रभर उपवासाच्या पोटी ती रोज आतून पातळ हात द्यायची आणि मी बारीक जाळ करायचो. खंडेनवमीला तिनं विळ्या-कोयत्यांच्या रांगेत पिंपालाही हळदकुंकू लावलं, पण बाहेरूनच.

जोडीदार आला. पहिला घास सावकाश चावून खाल्ला.

"माँ के हाथ का नहीं है," तो म्हणाला. माझं तोंड उतरलं.

तो ताटावरून उठला, पिंपापाशी गेला, दार उघडून डोकं आत घातलं आणि लांब श्वास घेतला. डोकं बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"लेकिन खुशबू उसी की रसोई की है."

"काय म्हंत्यात?" मंडळीनं मला हळूच विचारलं.

"पिंप परत घासू नगं म्हंतोय," मी सांगितलं.

ती हसली आणि त्याच्या ताटात आणखी वाढायला गेली.