उपासाला न चालणारी गोळी

आमच्या साडूंइतका विद्वान रोगी अख्ख्या माळव्यात दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उज्जैनच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर आम्हाला. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचे पाय बिनसले होते. स्नायू लाकडासारखे ताठ व्हायचे, गुडघे वाकायला तयार नसायचे, आणि मधूनच पाय असा उडायचा की समोरच्या पाहुण्याचा चहा बशीत. इंदूरच्या डॉक्टरांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली. थोड्यापासून सुरू करायची, हळूहळू वाढवायची, आणि त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. एवढंच. पण सरळ सांगितलेली गोष्ट सरळ केली तर ते आमचे साडू कसले!

या गोळीनं गुंगी येते, तेव्हा गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साडूंनी दुसऱ्याच दिवशी गोळी घेऊन लूना काढली आणि फ्रीगंजात गेले. गुंगी येते की नाही हे तपासायला! टावर चौकात पानाच्या ठेल्याला लूना टेकवून ते तिच्यावरच झोपलेले मला सापडले. मी तणतणत रिक्षा केली, तर वाटेत डोळे किलकिले करून म्हणतात, "प्रयोग यशस्वी. येते." पुढे शेजारच्या रेल्वेतल्या बाबूच्या पोटरीत गोळा आला, तर यांनी आपल्यातली अख्खी गोळी त्याला काढून दिली. त्या बिचाऱ्यानं क्रिकेटची मॅच बघायला म्हणून घरात नुकतंच केबल घेतलं होतं. मॅच संपून बातम्या लागल्या तरी हा घोरतोय. मी ओरडलो, "अहो, औषध आहे ते, प्रसाद नाही!" तर शांतपणे म्हणाले, "अरे यार, बेचाऱ्याचं दुखत होतं." अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

तरी गोळी आपलं काम करत होती. गणपतीपर्यंत गुडघे बऱ्यापैकी वाकायला लागले आणि साडूंच्या डोळ्यांत चमक आली. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. पाटावर मांडी घालून आपल्या हातांनी कन्यादान करायचं, याशिवाय त्यांना दुसरं काही नको होतं. रोज सकाळी अंगणात पाट टाकून ते तालीम करायचे आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, मागे लोड धरून उभी असायची. हे साधावं म्हणून ते हरसिद्धी देवीला नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपासाचा नवस बोलले. इथवर ठीक होतं. पण मग त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. "गोळी बांधायला स्टार्च घालतात. मक्याचा. मका म्हणजे धान्य. उपासाला कसं चालेल?" मी कपाळावर हात मारला. ताईनं गुरुजींना बोलावलं. औषधानं व्रत मोडत नाही, असं गुरुजींनी स्वच्छ सांगितलं. साडूंनी मान डोलावली, आणि गुरुजी फाटकाबाहेर पडताच पुटपुटले, "इनको क्या मालूम स्टार्च!"

घट बसले. ताई वेळेवर गोळी हातावर ठेवायची, हे पाणी प्यायचे. तीनचार दिवसांत साडूंना ताप चढला, अंग घामानं भिजलं, पाय पुन्हा ताठ होऊन उडायला लागले, आणि ते पलंगाच्या पायथ्याशी बघत कॉलेजच्या कधीच वारलेल्या प्रिन्सिपॉलांना "बसा ना सर" म्हणू लागले. ताई रडायला लागली. मी एसटीडी बूथवर धावलो आणि इंदूरला फोन लावला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोली कब से बंद है?" मी म्हटलं, बंद नाही. ते म्हणाले, "ज़रा देखिए तो सही." घरी येऊन बघतो, तर सगळ्या गोळ्या सदऱ्याच्या खिशात! ताबडतोब दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. हे औषध एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, असं तिथं सांगितलं. ते शुद्धीवर आल्यावर मी त्यांना इतकं बोललो, इतकं बोललो, की शेवटी ताईच म्हणाली, "पुरे झालं हो."

गोळी पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू झाली. वाढवायची ती हळूहळूच. पण मुहूर्त काही त्यांच्या गुडघ्यांसाठी थांबणार नव्हता. लग्नाच्या सकाळी पाय अर्धेच वाकत होते. साडूंनी मला खोलीत बोलावलं. गोळ्यांची पट्टी हातात होती. "साडूभाऊ, आज दोन जास्त घेतल्या तर मांडी बसेल." माझा संताप संपला होता. त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. मग ठरलेली तेवढीच घेतली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. खुर्ची मांगवा."

मांडवात ते खुर्चीवर बसले, पाय समोर लांब. मुलगी आणि जावई पाटावरून उठून त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि ताईनं उभ्यानंच साडूंच्या हातांवर पाणी सोडलं. मी मागे खुर्ची धरून होतो. एवढ्यात ते मान वळवून हळूच म्हणाले, "पाय वाकले असते हो. पण मग मी पेंगलो असतो. मला हिला जागेपणी बघायचं होतं." आणि पापणीही न लवू देता ते तिच्याकडे बघत राहिले.