यल्लाप्पा मिस्त्रीनं निवडलेला कॉम्प्रेसर

यल्लाप्पा मिस्त्रीचा शब्द खोटा ठरला असं गॅरेजं आणि फौंड्र्यांच्या उद्यमनगरात एकदाच झालं, आणि ते बराच काळ त्याला आणि त्याच्या मुलीलाच ठाऊक होतं. ठाऊक असून तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याची शिक्षा भोगत होता दुसराच माणूस. आता तोंड उघडायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न. पण नाव कमावलेल्या माणसाला असला प्रश्न गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

नाव त्यानं काही सुखासुखी कमावलेलं नव्हतं. बौद्ध घरातला, बाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारा. ऐंशीच्या आसपास तो उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागला, तेव्हा त्याला रॉकेलनं पार्ट धुवायला बसवलं होतं आणि हाक यायची ती 'ए, हिकडं ये' अशी. तीनचार वर्षांनी त्याचा यल्ल्या झाला. गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून आत काय तुटलंय ते सांगायला लागला, तेव्हा यल्लाप्पा झाला. स्वतःचं गॅरेज टाकलं आणि मग कुठं मिस्त्री झाला. कागलपासून गगनबावड्यापर्यंतचे लोक जीप घेऊन त्याच्या दारात यायचे, आणि तो बोलेल ती काळ्या दगडावरची रेघ. शिक्षण सातवी. इंग्रजी वाचता यायचं ते पान्ह्यांवरच्या आकड्यांपुरतं.

जयसिंगपूरचे तात्यासाहेब हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. जैन व्यापारी घराणं, बोलणं मोजकं. त्यांच्या ट्रस्टचा एक फिरता दवाखाना होता. राधानगरीच्या वरच्या अंगाला जे धनगरवाडे आहेत तिथं आठवड्यातून तीन दिवस जीप जायची. जीपवर ड्रायव्हर कृष्णात, मागं औषधांच्या पेट्या आणि त्यांच्यासोबत नर्स बाळाबाई. पावसाळ्यात ही जीप चिखलात रुतली की रुतली. मग बैल आणा, दोर लावा, तोवर तापानं फणफणलेलं पोर वाट बघत पडलेलं.

दोन हजार तीन साली तात्यासाहेबांचा मुलगा वृषभ परदेशातून आला, तो येताना जीपच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आसात, बसवायचे दोन लॉक घेऊन आला. एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं की इंजिनचा सगळा जोर त्याच चाकाकडं जातो आणि टेकलेलं चाक ढिम्म बसून राहतं. हा लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरतात आणि गाडी निघते. लॉक लागायचा हवेच्या दाबानं. बटण दाबलं की बारीक नळीतून हवा आत जायची आणि दिवा पेटायचा. बटण बंद केलं की हवा बाहेर, दिवा विझणार, चाकं मोकळी. आणि वळणावर चाकं मोकळीच पाहिजेत, कारण वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं. पुढच्या ॲक्सलचा लॉक तसाच राहिला तर स्टेअरिंग कितीही पिळा, गाडी नाकासमोर जाते.

लॉक आले, पण हवा देणारा कॉम्प्रेसर वृषभनं आणलाच नव्हता. त्याच्याकडं होता त्याचा फोटो. बॅटरीवर चालणारा, पाण्याच्या तांब्याएवढा, आत तेलाचा थेंब नाही. मागवला तर यायला दोन महिने, आणि पाऊस तीन आठवड्यांवर आलेला. तरी वृषभचं म्हणणं होतं की थांबू, हाच घेऊ.

यल्लाप्पानं फोटो हातात धरला, लांब केला, जवळ आणला, आणि म्हणाला की हा फुगं फुगवायचा पंप दिसतोय. आपल्याकडं काय बनत नाही म्हणून ह्याची वाट बघायची? उद्यमनगराला हे एक दुखणंच आहे. इथल्या माणसाला चंद्रावर जायचं यान दाखवलं तरी तो आधी विचारेल की ह्याचं कास्टिंग कुणाकडं केलंय, आम्ही बरं करून दिलं असतं. यल्लाप्पानं बाजारातले पर्याय बघितले. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा टायरचा पंप दोन मिनिटांत तापायचा, तो बाद. जुन्या मोटारीचा एसीचा कॉम्प्रेसर त्याला नाजूक वाटला. शेवटी त्यानं भंगारातून ट्रकच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर उचलला. बिडाचा, दणकट, इंजिनच्याच तेलावर पोसलेला. दहा टनांचा ट्रक ह्याच्या हवेवर थांबतो, मग ह्या जीपच्या लॉकची काय कथा?

लॉकसोबत आलेला कागद त्याच्या मुलीनं, सोनमनं, वाचून दाखवला होता. ती तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं बोट ठेवून सांगितलं की आबा, ह्यात लिहिलंय, हवेत तेल येता कामा नये. यल्लाप्पा हसला. ज्यानं वीस वर्षं मशीनला तेल पाजून पोट भरलं, त्याला तेल वाईट कसं वाटावं? "तेलाबिगर कुठलं मशीन चाललंय गं? थोडं गेलं तर चांगलंच की," म्हणाला. ट्रकच्या ब्रेकच्या नळ्या बोटाएवढ्या जाड असतात आणि लॉकची नळी उदबत्तीच्या काडीएवढी, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पण दिसणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

पहिला पावसाळा जीपनं गाजवला. बैल गोठ्यातच राहिले. कृष्णात जाईल तिथं मिस्त्रीचं नाव घ्यायचा. चौदा वर्षं स्टेअरिंगवर होता, गाडीला कधी खरचटू दिलं नव्हतं. तो यल्लाप्पाला म्हणायचा, "तुमी हात लावलेली गाडी हाय, डोळं झाकून चालवतो मी."

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वाड्यावरून उतरताना, चिखल संपून डांबरी लागली तिथल्या पहिल्याच वळणावर जीप वळली नाही. सरळ चरीत गेली. कृष्णातच्या बरगड्या मोडल्या आणि बाळाबाईंचा उजवा हात मनगटात असा मोडला की जुळला तो वाकडाच. त्या हाताला पुढं सुई धरवेना.

ट्रस्टच्या कचेरीत चौकशी झाली. कृष्णात छातीला पट्टा बांधून उभा होता. एकच सांगत होता की मी चिखल संपल्यावर बटण बंद केलतं, दिवा इझलेला मी बघितलाय. बाळाबाई मागं पेट्या धरून बसलेल्या, त्यांना दिवा दिसायचा प्रश्नच नव्हता. तात्यासाहेबांनी यल्लाप्पाकडं बघितलं. दिवा विझल्यावर लॉक लागलेला राहू शकतो का, एवढंच विचारलं.

जीप अजून उघडलीसुद्धा नव्हती. 'बघून सांगतो' म्हणायला किती वेळ लागतो? पण वीस माणसं तोंडाकडं बघत असताना मिस्त्रीला 'बघून सांगतो' म्हणवलं नाही. तो म्हणाला, "दिवा इझला म्हंजे लॉक सुटला. त्यात बदल न्हाय." कृष्णातनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. नोकरी त्याच दिवशी गेली.

आठवड्यानं यल्लाप्पानं पुढची नळी सोडवली, तर आतून काळं, घट्ट तेल काकवीसारखं ओघळलं. हवा बाहेर सोडायचं भोकही त्याच काजळीनं बुजलेलं. बटण बंद झालं होतं, दिवाही विझला होता, पण आतली हवा अडकून राहिली होती आणि तिनं लॉक तसाच धरून ठेवला होता. सोनम तिथंच उभी होती. तिनं नळी बघितली, बापाकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, कागदात हुतं." यल्लाप्पानं नळी पेट्रोलनं धुऊन काढली.

मग त्यानं वृषभला सांगितलं की जुना कॉम्प्रेसर थकलाय, आता तुमचा तो लहानच मागवा. थकलाय म्हणाला, मी चुकलो म्हणाला नाही. लहान कॉम्प्रेसर आला, बसला, नवा ड्रायव्हर आला. उद्यमनगरात मिस्त्रीचा मान होता तसाच राहिला. फक्त कुणी त्याच्यासमोर कृष्णातचं नाव काढलं, की त्याचा हात कामावर थांबायचा. जेवणावरची वासना गेली. सोनम त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली, आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागत होतं. सांगायचं तर आजच सांगू असं दीड वर्षात त्यानं शंभरदा ठरवलं असेल. प्रत्येक वेळी त्याला ती जुनी हाक ऐकू यायची, ए, हिकडं ये, आणि तो मुकाट्यानं बॉनेटमध्ये डोकं घालायचा.

दोन हजार सहाच्या जानेवारीत ट्रस्टचं पत्र आलं. दवाखान्याला दहा वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता, आणि त्यात यल्लाप्पा मिस्त्री यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. पत्र सोनमनंच वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर घडी घालून बापाच्या पुढ्यात ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पानं गॅरेज उघडलंच नाही. मोटारसायकल काढून तो कागलच्या बाजूला निघाला.

कृष्णात त्याच्या मेहुण्याच्या गुऱ्हाळावर चुलाणात उसाची चिपाडं सारायचं काम करत होता. तोंड धुरानं काळवंडलेलं. मिस्त्रीला बघून तो उठला, पोतं झटकून बसायला दिलं, बायकोला हाक मारून रस सांगितला. राग कुठंच नव्हता, आणि यल्लाप्पाला तेच सोसेना. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "कृष्णात, त्या दिवशी तू बटण बंद केलतंस."

कृष्णात चिपाडं सारत राहिला. "न्हाय मिस्त्री. ऱ्हायलंच हुतं माझं. पयल्यांदा मलाबी वाटायचं, केलंय म्हणून. पर तुमी म्हणालासा, म्हंजे तसंच असणार. आता डोळं मिटलं की दिसतंय मला. दिवा तांबडालाल पेटलाय आणि मी तसाच गाडी काढतोय."

यल्लाप्पा पोत्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. कागद, तेल, बुजलेलं भोक. दिवा विझलाच होता, तुझं काही चुकलं नव्हतं, चुकला तो मी.

"तुमाला कवा कळलं?" कृष्णातनं विचारलं.

"आठ दिसांत."

कृष्णातचे हात थांबले. चुलाणातला जाळ बसायला लागला, वरून मेहुणा ओरडायला लागला की रसाची काहिल निवतीय. कृष्णातचं तिकडं लक्षच नव्हतं. तो म्हणाला, "मग ह्ये मला रोज दिसतंय, त्ये काय हाय?"

कृष्णातची बायको विठाबाई रसाचा पेला घेऊन दाराशी आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती पेला घेऊन तशीच मागं फिरली.

तिथून तो थेट जयसिंगपूरला गेला. तात्यासाहेबांसमोर, कचेरीतल्या चार माणसांदेखत त्यानं तेच पुन्हा सांगितलं. तात्यासाहेब चिडले नाहीत. बाळाबाईंना बोलावून घेतलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्यापुढं सांगायला लावलं. त्या वाकड्या मनगटाकडं बघतच मिस्त्रीनं ते सांगितलं. सत्कार रद्द झाला, तो व्हायलाच हवा होता. कृष्णातला निरोप गेला की नोकरीवर परत ये.

तो आला. जीप कचेरीच्या आवारात उभी होती, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचललेली, आणि यल्लाप्पा लॉक तपासून द्यायला खाली आडवा पडलेला. कृष्णात स्टेअरिंगवर बसला, बटण दाबलं, बंद केलं.

"सुटला?" त्यानं विचारलं.

यल्लाप्पानं एक चाक फिरवलं. पलीकडचं उलट्या दिशेनं फिरलं, म्हणजे लॉक मोकळा. "सुटला," तो म्हणाला.

मग दार उघडलं. कृष्णात खाली उतरला, चाकाजवळ येऊन बसला, यल्लाप्पाचा हात बाजूला केला आणि त्यानं स्वतः चाक फिरवून पलीकडं वाकून बघितलं. पुन्हा वर गेला, बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा खाली उतरून बघितलं. ह्या खेपेला त्यानं यल्लाप्पाला काहीच विचारलं नाही. यल्लाप्पा तसाच गाडीखाली पडून त्याचे हात बघत राहिला.