वाढत्या अंगाची बंदूक

आखाती युद्धात आमच्या इमारतीचं जे काही नुकसान झालं, ते सगळं माझ्या हातून झालं.

आम्ही तेव्हा सौदीत, रास तनुराला राहायचो. सलमाचे अब्बा तिथे वेल्डर होते. भोंगा वाजला की क्षेपणास्त्र येतंय असं समजायचं आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचं. त्या खोलीच्या खिडकीला प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या होत्या. विषारी गॅस येऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे. भोंगा थांबला की आम्ही बाहेर यायचो. आमची नऊ वर्षांची सलमा मात्र यायची नाही. जेवण आत, झोप आत. मोरीत जायचं तरी मी दाराबाहेर हवी, आणि सारखी बोलत हवी. (मी मुळात अबोल. मोरीच्या दाराशी उभी राहून मी जेवढी बोलले, तेवढी लग्न झाल्यापासून बोलले नव्हते!)

शेवटी तिचे अब्बा म्हणाले, "पंधरा दिवस बघू. नाहीतर हिला गावी आजीकडे पाठवू."

एकटीला! मी सलमाला जवळ घेऊन विचारलं, "तुला कशाने धीर येईल गं?"

पोर म्हणाली, "बंदूक."

अब्बा खूश! लहानपणी त्यांनी मामाच्या बंदुकीने आंब्यावरचे वानर पळवले होते. (मारला एकही नाही, असं मामी सांगतात.) खरी काडतुसाची लहान बंदूक घ्यावी असं त्यांना फार वाटत होतं, पण आम्हां परदेशी माणसांना परवाना कोण देणार? मग छऱ्याची घ्यायचं ठरलं.

गुरुवारी आम्ही जवळच्या दम्माम शहरात गेलो; बंदुकीच्या आशेने सलमाही माझा हात घट्ट धरून आली. शिकारीच्या सामानाच्या दुकानात एक मलबारी सेल्समन होता. त्याने एक छोटी, हलकी बंदूक काढली, तिचा लाकडी दस्ता सलमाच्या कोपरात टेकवला. तिचं बोट बरोबर घोड्यावर पोचलं. "एकदम फिट है!" तो म्हणाला.

तेच मला खटकलं. आमच्यात मुलांना बरोबर बसणारी वस्तू कुणी घेतच नाही. फ्रॉकला आतून चार बोटं दुमड ठेवायची, बुटाच्या पुढे कापूस भरायचा, म्हणजे तीन वर्षं बघायला नको. माझ्या लग्नातल्या चपला मला पहिल्यांदा बरोबर बसल्या, तेव्हा सलमा चालायला लागली होती!

परक्या माणसाशी बोलायची मला लाज. मी बुरख्यातूनच ह्यांच्या कानात म्हटलं, "पुढच्या वर्षी ही आखूड होईल. मोठी दाखवायला सांगा."

"अगो, ही बंदूक आहे, फ्रॉक नव्हे!"

"वाढतं अंग आहे पोरीचं."

"दीदी क्या बोलता है?" सेल्समनने विचारलं.

"बोलती है, बच्ची बढ़ेगी."

"तो लड़ाई भी दस साल चलेगा क्या?"

हे हसले. मी नाही हसले. सगळ्यात लांब होती तीच घेतली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. भिंती पुरुषभर उंच, त्यामुळे कुणी बघायची भीती नव्हती. दूधपावडरचा रिकामा डबा भिंतीशी ठेवला. सलमाने दस्ता खांद्याला लावला, तर बोट घोड्यापर्यंत पोचेना. काखेत धरला, तर नळीवरून बघता येईना.

"खांदा जरा मागे ने," मी सुचवलं.

सलमाचे डोळे भरले. "अम्मी, इट्स टू बिग. मला नाही येणार." आणि ती आतल्या खोलीत जायला जिन्याकडे वळली. आता गेली की आठ दिवस बाहेर येणार नाही, आणि मग गावाला! मी घाबरून बंदूक ओढून घेतली.

"येत कसं नाही? बघ, मला येतंय!"

उलथण्यापेक्षा लांब वस्तू मी तोवर हातात धरली नव्हती. एक डोळा मिटला. दुसरा आपला आपणच मिटला. आणि घोडा ओढला.

डबा जागेवरच. जिन्याच्या खिडकीची काच मात्र खळ्ळकन खाली!

खालच्या घरातली नसीमभाभी ओरडली, "पडला! मिसाईल पडला! दारं लावा!"

आता गोळी मीच झाडली, हे मला ठाऊक होतं. पण नसीमभाभी इतक्या खात्रीने ओरडत होती, की मला वाटलं, दोन्ही एकदमच झालं असेल! मी बंदुकीसकट जिना उतरले, आतल्या खोलीत शिरले, कडी लावली, टॉवेल कोंबले. नवरा आणि मुलगी गच्चीवरच राहिली, हे टॉवेल कोंबून झाल्यावर लक्षात आलं.

दारावर टकटक झाली. "अम्मी, दार उघड."

"उघडू कशी? गॅस आत येईल!"

"अम्मी, गॅस नाहीये. तू काच फोडलीस."

"तू एकटी आलीस खाली?"

"हो. अब्बा हसतायत. त्यांना उठता येत नाहीये."

मी कडी काढेपर्यंत ती निघूनही गेली होती. ज्या पोरीला मोरीपर्यंत सोबत लागायची, ती इमारतीतलं एकेक दार वाजवत फिरत होती. "आंटी, कुछ नहीं हुआ, बाहर आओ! मेरी अम्मी ने बंदूक चलायी!" चौदा दारं. सगळ्यांना सांगितलं. एकही घर सोडलं नाही!

गावाला पाठवायचं रद्द झालं. बंदूक बदलून ह्यांनी ती छोटी आणली. त्या रात्रीपासून सलमा आपल्या पलंगावर झोपू लागली. नसीमभाभीने तिला विचारलं, "काय गं, आता मिसाईलची भीती नाही वाटत?"

"नाही, चाची," सलमा म्हणाली. "मिसाईल यायच्या आधी भोंगा तरी वाजतो. अम्मी न सांगता सुटते."