रस्त्याचं कारण

नकाशा ईमेलने आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. नवऱ्याने ऑफिसमधून फोन केला आणि म्हणाला, बघ, आपण गेलो. डेट्रॉइटजवळच्या आमच्या उपनगरात शाळांच्या हद्दी नव्याने आखायच्या होत्या, आणि नवी रेघ नेमकी आमच्या मागच्या कुंपणावरून गेली होती. चालत आठ मिनिटांवरची शाळा रेघेच्या पलीकडे राहिली. आमच्या वाट्याला आली ती हायवेपलीकडची, बसने जायची. प्रत्येक शाळेत सगळ्या प्रकारची मुलं असावीत, असं पत्रात गोड भाषेत लिहिलं होतं. वंश हा शब्द कुठेच नव्हता. पण नकाशा पाहून सगळ्यांना कळायचं ते कळलं, आणि मलाही कळलं.

हे घर आम्ही शाळा बघून घेतलं होतं. तळघरात ओल होती, स्वयंपाकघर अंधारं होतं, तरी घेतलं. नकाशा बघता बघता पोळी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही.

घाबरले की मी नागपूरच्या ताईला फोन लावते, आणि तिच्याशी बोलताना मला भान राहत नाही. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर होता. "अगं, तिकडे सगळी काळी मुलं आहेत," मी म्हणाले. "मेले तरी माझ्या पोरीला मी त्यांच्यात पाठवणार नाही." ताई हं हं करत राहिली. टेबलाशी माझी अकरा वर्षांची लेक गणितं सोडवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

आम्हा इकडच्या आईबापांची एक ठाम समजूत आहे. पोरं इंग्रजीत उत्तर देतात, म्हणजे मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, जे बोलू नये ते आम्ही मराठीत बोलून मोकळे होतो. फ्रीजरमध्ये आइस्क्रीम आहे असं कुजबुजलं तरी हीच मुलगी वरच्या मजल्यावरून धावत येते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

या नकाशावर शाळा मंडळ लोकांची सुनावणी घेणार होतं. इथल्याच एका अनुभवी मराठी काकूंनी सल्ला दिला की तिथे फक्त रस्त्याबद्दल बोल. बर्फ, बस, हायवेचा पूल. बाकी काही तोंडातून काढू नकोस, सगळे असंच करतात. मी दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. नवरा मायक्रोवेव्हचा टायमर लावून ऐकायचा आणि लेक सोफ्यावर बसून. दोन दिवसांत तिचंच पाठ झालं. मी अडखळले की पुढचा शब्द ती सांगायची.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. बोलणाऱ्यांच्या यादीत माझा नंबर चौदावा होता. आत जाताना दाराशी ठेवलेल्या त्या यादीकडे सहज पुन्हा पाहिलं. पंधराव्या ओळीत माझ्या लेकीचं नाव होतं, तिच्याच गोल अक्षरात. विद्यार्थ्यांनाही बोलायची मुभा होती. काय बोलणार आहेस, असं विचारलं, तर नुसती म्हणाली, "यू विल सी, आई."

त्या क्षणी तो फोन मला शब्द न शब्द आठवला. तिला सगळं कळलं होतं. ती माइकसमोर उभी राहून भर सभेत ते इंग्रजीत सांगणार, अशी माझी खात्रीच झाली. नाव खोडून टाक म्हणावं, तर का, हे सांगावं लागलं असतं. नवऱ्याला काही कल्पना नव्हती. तो पार्किंगची चिंता करत होता.

अकराव्या नंबरला हायवेपलीकडची एक काळी आई बोलली. अंगात दवाखान्याचा गणवेश, बहुधा तशीच कामावरून आलेली. तिने कागद आणला नव्हता. आमच्याकडे वळून ती शांतपणे म्हणाली की तिचा मुलगा रोज त्याच पुलावरून बसने बुद्धिबळ शिकायला इकडे येतो, त्याला पुलाची भीती वाटत नाही. मग तुम्हाला नेमकी कशाची वाटते?

मग माझा नंबर आला आणि मी पुलाबद्दल बोलले.

ती बाई माझ्याकडे बघत होती. मी कागदातून डोकं वर काढलं नाही. मागच्या रांगेतला एक गोरा गृहस्थ, आमच्याच गल्लीतला, इतक्या वर्षांत ज्याने कधी हात हलवला नव्हता, त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. ती शाबासकी मला नकोशी वाटली, मी घाईने खाली बसले.

लेक उठली. कुणीतरी माइक खाली करून दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

तिने रस्त्याबद्दल सांगितलं. बर्फात बस उशिरा येते, पुलावर गाड्या घसरतात, शेजारच्या शाळेत चालत जाता येतं. माझीच वाक्यं, माझ्याहून स्वच्छ उच्चारात, एकही चूक नाही. लोकांनी तिच्यासाठी माझ्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. मी सुटले होते. डोळ्यांत पाणी आलं ते नवऱ्याला कौतुकाचं वाटलं.

नवरा सभागृहाबाहेर टांगलेले कोट आणायला गेला आणि आम्ही दोघी गाडीत जाऊन बसलो. मी तिला जवळ घेतलं, छान बोललीस म्हणाले. ती खुशीत होती. मग आमच्या घरात जे कधी घडत नाही ते घडलं. ती माझ्याशी मराठीत बोलली, हळू आवाजात, एकेक शब्द जुळवत.

"आई, ते काळ्या मुलांचं मी नाही सांगितलं. ते फक्त मराठीत बोलायचं असतं ना?"