सोडियमच्या खालचं घर

कोलशेतच्या मिठागरात वाढलेले गुणाजी १८८८ साली ठाण्याच्या एका शाळेत रसायन शिकवू लागले. वर्गाच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता त्यांनी स्वतः रंगवला होता. वजनाच्या क्रमाने मांडत गेलं की सारख्या गुणांची द्रव्यं एकाखाली एक येतात, याचं त्यांना नवल वाटे आणि थोडी भीतीही.

मिठातून वेगळा काढलेला सोडियम धातू पाण्यात टाकला की फसफसत पळायचा. एकदा नवी बाटली आली, पोटॅशियमची. सहशिक्षक गोपीनाथरावांनी घासलेटात बुडवलेला सुपारीएवढा तुकडा चिमट्याने उचलला.

“एवढा नको,” गुणाजी म्हणाले. “तक्त्यात हा सोडियमच्या खाली आहे. या उभ्या ओळीत जितकं खाली जावं, तितका धातू जास्त भडकतो.”

“अहो, दिसतो तर तसाच!” म्हणत गोपीनाथरावांनी तो पाण्यात सोडला.

जांभळी ज्वाळा उठली आणि काचेचं भांडं फुटलं. अडवायला पुढे झालेल्या गुणाजींचा उजवा डोळा गेला.

बरे होऊन ते वर्गात परतले, तेव्हा पोटॅशियमच्या खालच्या दोन नावांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, “हे दोघे मी पाहिलेले नाहीत. पण कसे वागतील, ते आजच सांगतो.”