धवल्यातली गप्प जागा

नात पाटावर बसली होती, हळद वाटून तयार होती आणि माझ्या तोंडातून चाल निघेना. आम्हा आगऱ्यांत लग्नाचा धवला गाऊन धवलारीण देवांना बोलावते, मगच नवरीला हळद लागते. ती धवलारीण मीच. पावसाळ्यात मला अर्धांगाचा झटका आला होता. हात सुधारला, बोलणं सुधारलं, धवल्याचे शब्दही सगळे होते, चाल तेवढी गेली. मांडवात बसल्यावर येईल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. आली नाही. मी मनात म्हटलं, एकवीरा आई, आवतण तुझं आहे. यायचं असेल तर तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. कामोठ्याला गाणं शिकवते. निघाली होती पलीकडच्या गल्लीतल्या हळदीला, चुकून शिरली आमच्या मांडवात. मागं एका लग्नात ती माझा धवला सारेगमात लिहून घेत होती, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "चालीचं काय लोणचं घालणार हायस?" ते लिहिलेलं तिच्या मोबाइलमध्ये अजून होतं. माझ्याजवळ बसून ती हळू गाऊ लागली, "सा रे ग रे सा..."

"अगो बाय, देवांना शालंत घालून सारेगम शिकवतंस का?" नणंद म्हणाली. बायका हसल्या. मला अक्षरं कळत होती, पण चाल परक्या घरची वाटत होती. मग ती बाई मध्येच गप्प झाली.

"थांबलीस का गो?" मी विचारलं.

"मावशी, प्रत्येक देवाच्या नावाआधी तुम्ही इथं थांबला होतात. मी रेघा मारून ठेवल्यात."

तिथं मी मनात माझ्या आईचं नाव घेते. धवला मला तिनं दिला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या रेघांएवढी गप्प राहिले, आईचं नाव घेतलं, आणि पुढची ओळ चालीसकट तोंडात आली. मग एकेक करत सगळे देव बोलावले. पहिली हळद नणंदेनं लावली, आणि रडत बसली तीच.

बाईला देवीनं पाठवलं का, मला ठाऊक नाही. रस्ता चुकली, एवढं खरं. जेवल्याशिवाय तिला सोडलं नाही. जन्मभर वाटायचं, देवांना मी बोलावते. आता तोंड उघडते आणि वाट बघते. ती बाई अधूनमधून येते, मी गाते, ती लिहिते, रेघांसकट.

मी पावणे गावची धवलारीण. चाल माझी गेली होती, माझीच परत आली.